नापास झालेलं बेट

एका जंगलात घुशी फार माजल्या होत्या. आता बाळांनो, घुशी कुठल्या जंगलात नसतात? पण या घुशी झाडांची मुळं खायला बसल्या की थांबायचं नाव घेत नसत.

राखणीला कोळसुंदे होते, म्हणजे रानकुत्रे; भलत्याला चावू नये म्हणून त्यांच्या गळ्यात पट्टे असत. घुशींनी काय करावं? गोड बोलून, पाठ खाजवून त्यांच्या तोंडांना मुसकी बांधली. जंगलातल्या मोठ्या आंब्याखाली कोळसुंदे घुशींच्या मधोमध बसत आणि नुसते गुरगुरत.

मग अस्वलवैद्य आले. त्यांनी कात्रीनं मुसकी कापली. कोळसुंद्यांनी घुशींचा फडशा पाडला आणि आंबा वाचला. वैद्यांना शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, आणि आपल्याला आता सगळं कळतं अशी समजूतही मिळाली.

पलीकडे बांबूचं बेट होतं. तिथं तुळसा सशीण पिल्लं घेऊन राहायची. बिळावरची जमीन रोज थोडी खचायची आणि तिचा जीव खालीवर व्हायचा. हातापाया पडून तिनं वैद्यांना आणलं.

वैद्यांनी कात्री काढली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"महाराज, मुसकी कापायची कुणाची?" तुळसा म्हणाली. "बाहेर काट्यांची जाळी, कोळसुंदा आत फिरकतच नाही. आणि इथल्या घुशी अंगाला बेटाचीच माती चोळतात, परका वास येणार कुठून? आधी वाट करा. मग कोळसुंद्यांना घुशींचा वास द्या."

वैद्य हसले. सशांनी वैद्यकी शिकवावी, कलियुगच म्हणायचं! आंब्याला गुण आला तर बांबूला का येऊ नये? मात्रा वाढवू, म्हणाले. ते परत आंब्याखाली गेले. मुसकी केव्हाच गेली होती, म्हणून त्यांनी कोळसुंद्यांच्या गळ्यातले पट्टे कापले. तिथं घुशी उरल्या नव्हत्या. मोकाट सुटलेले कोळसुंदे दिसेल त्याला चावत सुटले. तुळसाचा कानही त्यात तुटला. जाळीत मात्र कुणी शिरलं नाही.

एका दुपारी बेट खचलं. तुळसाचं धाकटं पिल्लू खालीच राहिलं.

ती रडत वैद्यांकडे गेली. वैद्यांनी मायेनं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"औषध उत्तमच होतं, तुळसे. तुझं बेट नापास झालं."

आणि ते आंब्याखाली दुसऱ्या सत्काराला गेले. चावे खाल्लेले सगळे टाळ्या वाजवायला हजर होते.

तात्पर्य : औषध कधी हरत नाही, हरतो तो रोगी. म्हणून शहाण्यानं आजारी पडण्याआधी वैद्यांच्या सोयीचा आजार निवडावा.