दामलेभाऊजींचा तीन नंबरचा रस्ता

शुद्धलेखन आणि अक्षर, दोन्हींबद्दल आधीच माफी मागते. चौथीत शाळा सुटली, त्यामुळे माझी वेलांटी कधी कुठे जाऊन बसेल याचा नेम नाही. ही वही मी कोणाला दाखवणार नाही. तरी कोणाच्या हाती लागलीच, तर सांभाळून घ्यावं.

आमच्या शेजारचे दामलेभाऊजी लिफ्टमध्ये शिरले की जर्मनीत गाडी चालवायला लागतात. आम्ही सिंगापूरला, पासिर रिस भागात बाराव्या मजल्यावर राहतो. दार मिटलं की ते पुटपुटतात, "बुक्स्टेहूडे." मग सोल्टाऊ, सेल्ले, हॅनोव्हर करत तळमजल्यापर्यंत कसेबसे फ्रँकफर्ट गाठतात. मधेच कोणी चढलं तर गाडी नॉर्थाइमला अडकते आणि यांचा चेहरा उतरतो. एकदा लिफ्ट बंद होती, तेव्हा मात्र स्वारी खुशीत होती. जिना उतरता उतरता थेट फ्रायबर्ग ओलांडून स्वित्झर्लंडच्या वेशीपर्यंत जाऊन आली.

हा जर्मनीचा तीन नंबरचा हमरस्ता. "पिवळी पाटी, काळा तीन," असं ते देवाचं नाव घ्यावं तसं म्हणतात. राज्यं बदलली, रस्त्याचं नावही बदललं, पण आकडा तीनच राहिला म्हणे. हायडेलबर्गच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याने तो जातो, तिथून तर जुने रोमन लोकही चालत गेले. त्यांची नात आर्या वैतागून इथल्या इंग्रजीत म्हणते, "आजोबा, एव्हरी डे सेम रोड लाह." त्यावर ते म्हणतात, "रस्ता रोज बदलला तर घरी कशी पोचशील?"

मला वाटायचं, माणूस जरा सटकलेला आहे. मी मान हलवण्यापलीकडे कोणाशी बोलत नाही. पण एकदा खाली बाकावर मी मेथी निवडत होते, तेव्हा ते शेजारी बसले आणि आपणहून सांगायला लागले.

चाळीस वर्षांपूर्वी ते कामाचं शिक्षण घ्यायला जर्मनीत होते. जुनी मोटरसायकल घेऊन या रस्त्याने निघाले, आणि नॉर्थाइमला बर्फात गाडी बंद पडली. रस्त्यालगतच्या घरातल्या गेर्डाबाईंनी दोन दिवस ठेवून घेतलं आणि दुरुस्तीला तिथल्या तेव्हाच्या चलनात ऐंशी मार्क दिले. पाठवतो म्हणून हे निघाले. मग नोकरी, लग्न, बायकोचं आजारपण, आणि पैसे राहूनच गेले.

"मार्क बंद झाले वहिनी, मी अजून कर्जदारच आहे," ते म्हणाले. "पत्ता तेवढा तोंडपाठ. गावं म्हणत राहिलो नाही तर तोही हरवेल."

इथे लेकीकडे आल्यापासून त्यांनी तीन पत्रं पाठवली होती. तिन्ही परत आली. खिशातून त्यातलं एक पाकीट काढून त्यांनी मला दाखवलं. इंग्रजी मला येत नाही, पण आकडे येतात. घराचा नंबर छत्तीस होता.

मी धीर करून विचारलं, बाईंनी नंबर कसा सांगितला होता? त्यांनी जर्मनमध्ये सांगितला. म्हणजे काय, विचारलं. म्हणाले, "तीन आणि साठ."

"मग ते आपलं त्रेसष्ट झालं ना, भाऊजी?"

हात कापतो म्हणून पाकिटं आर्या लिहायची. भाऊजींनी तिला 'तीन आणि साठ' असंच सांगितलं; तिने तीन आधी ऐकला, तीन आधी लिहिला. पुढची दोन तिने पहिल्यावरूनच उतरवली. आणि मोतीबिंदूमुळे भाऊजींना काही दिसलं नाही. त्यांनी चष्मा पुसून पाकीट डोळ्यांजवळ धरलं. मग म्हणाले, "वहिनी, इंजिनिअर तुम्ही व्हायला हवं होतं."

चौथ्या पत्राला उत्तर आलं. गेर्डाबाई त्याच घरात होत्या. पैसे त्या विसरल्या होत्या. यांनी बटाट्याच्या सूपमध्ये तिखट घातलं होतं, ते मात्र विसरल्या नव्हत्या. भाऊजींनी हट्टाने बँकेचा नंबर मागवला. ऐंशी मार्कांचे चाळीस युरो नव्वद सेंट होत होते. यांनी लेकीला चाळीसच पाठवायला सांगितले.

मी म्हटलं, नव्वद सेंट राहिले.

"राहू द्या," ते हळूच म्हणाले. "सगळं फिटलं तर त्या कशाला लिहितील? मला पत्र लिहिणारं आता दुसरं कोण आहे?"

मग दर महिन्याला पत्र यायला लागलं. हवा, गुडघे, शेजारणीचं मांजर, आणि शेवटी नव्वद सेंटची आठवण. भाऊजी मला मराठीत वाचून दाखवायचे. ती ओळ आली की लाजायचे.

गेल्या आठवड्यातलं पत्र आखूड होतं. त्यांनी ते दोनदा वाचलं. बाईंनी लिहिलं होतं, "माझं वय झालं. ते नव्वद सेंट मला जिवंतपणी हवेत. पैसे चुकते करा, आणि तरीही लिहीत जा."

बँकेचा खर्चच नव्वद सेंटच्या कितीतरी पट आला. लेक कुरकुरली. पण त्याच दुपारी नव्वद सेंट रवाना झाले, आणि ऐंशीच्या ऐंशी मार्क फिटले.