जलवाहन क्रमांक एक

तलावाच्या अलीकडच्या काठावर घड्याळदुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या घड्याळवाल्यांचा उजवा खांदा, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, कोणतीही पूर्वसूचना न देता सेवेतून निवृत्त झाला. डॉक्टरांनी हात वर करून पाहिला, मागे वळवून पाहिला, घड्याळवाले 'आई गं' म्हणाले तेव्हा खाली सोडला आणि सांगितलं, "वल्हं मारणं बंद." डॉक्टरांच्या दृष्टीने विषय संपला.

घड्याळवाल्यांच्या दृष्टीने तो सुरू झाला. पलीकडच्या काठावर त्यांची थोरली बहीण राहत होती. वय ब्याऐंशी, ठार बहिरी, त्यामुळे फोनचा उपयोग शून्य. दोन काठांना जोडणारा पूल मागच्या वर्षी 'तात्पुरता' बंद झाला होता, आणि तात्पुरत्या गोष्टी जितक्या टिकतात तितक्या पक्क्या गोष्टीही टिकत नाहीत. म्हणून दर रविवारी सकाळी घड्याळवाले आपली हवेची होडी काठावर आणत, पायपंपाने फुगवत आणि वल्हवत ताईकडे जात. होडी म्हणजे दोन लांबट फुगे, त्यांवर एक चौकट आणि चौकटीवर एक खुर्ची. ताई तिकडच्या लाकडी धक्क्यावर वाट बघत बसलेली असे. मग चहा व्हायचा, ताई बोलायची, हे माना डोलवायचे, आणि ताई त्यांना अजून 'छोट्या' म्हणायची. जगात तसं म्हणणारं आता दुसरं कोणी उरलं नव्हतं.

खांद्याची बातमी ऐकून जावयाने एक विजेची मोटर आणून दिली. खाली छोटा पंखा, वर वळवायचा दांडा आणि सोबत बॅटरीचा डबा. घड्याळवाल्यांनी ती घड्याळ लावावं तशी लावली. पहिल्यांदा बॅटरी मागेच ठेवली, तर होडीचं नाक आभाळाकडे गेलं. मग लांब वायर जोडून बॅटरी पुढे पायांशी घेतली, होडी सपाट झाली. पंखा फार वर ठेवला तर नुसतं पाणी उडायचं, फार खाली नेला तर शेवाळ गुंडाळायचं. दांड्यावर पाच आकडे होते. पाचावर बॅटरी भराभर उतरायची आणि होडी काही तितकी धावायची नाही, तीनावर मात्र बदकाच्या चालीने बिनआवाज निघायची. वीस मिनिटांत ते पलीकडे पोचले तेव्हा त्यांना इतका आनंद झाला होता की ताईला मोटर दाखवताना ते चहा प्यायला विसरले.

ताईने मोटर पाहिली, 'छान आहे' म्हणाली, आणि मग सांगितलं, "छोट्या, मुलगा मला घेऊन चाललाय. त्याच्याकडे. लांब. ह्यापुढच्या चौथ्या रविवारी दुपारी बारा वाजता गाडी येणार. तोवर एक रविवार चुकवू नकोस."

"नाही चुकवणार," घड्याळवाले म्हणाले. ताईला ऐकू गेलं नाही, पण ओठ वाचून तिने मान हलवली.

आता घड्याळवाल्यांचा स्वभाव सांगायला हवा. पहाटे सहाला रिकाम्या रस्त्यावर सिग्नल लाल असेल तर ते थांबत. शेजारून कुत्रं निघून जाई, हे थांबून राहत. रात्री जेवताना ते बायकोला म्हणाले, "मोटर लावली म्हणजे होडी यांत्रिक झाली. एकदा तलाव कार्यालयात विचारून घ्यावं."

बायकोचा घास हातातच राहिला. "अहो, विचारू नका. विचारलं की त्यांना काहीतरी सांगावं लागतं."

"नियम असेल तर?"

"असेल की! नियम काय आपल्याला शोधत घरी येणार आहे? तुम्हीच त्याच्या घरी कशाला जाता?"

सोमवारी घड्याळवाले खिडकी क्रमांक तीनसमोर उभे होते. खिडकीतल्या बाई अतिशय सज्जन होत्या. घड्याळवाल्यांचा प्रश्न ऐकून त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. गेल्या अकरा वर्षांत त्या खिडकीवर लोकांनी फक्त एकच प्रश्न विचारला होता, तो म्हणजे खिडकी क्रमांक चार कुठे आहे.

"वल्ह्याच्या नावेला नमुना 'क'," बाई नियमावली चाळत म्हणाल्या. "यांत्रिक जलवाहनाला नमुना 'ड'. हवेने फुगणारी वस्तू मात्र खेळण्यांत येते. मोटर बसवलेलं खेळणं..." त्यांनी पान उलटून पाहिलं, उलटं धरूनही पाहिलं. "असं काही नाही हो काका आमच्याकडे. पण काळजी करू नका, तुमच्यासाठी प्रकरण तयार करू."

त्याच वेळी खिडकीतून दिसणाऱ्या तलावावर पाच-सहा मोटरबोटी कानठळ्या बसवत गेल्या. त्यांतली एक बर्फवाल्याची होती, जो रोज दोनदा बर्फ घेऊन पलीकडे जाई. घड्याळवाल्यांनी सहज विचारलं, "ह्यांचा नमुना कुठला?"

"ह्यांचा नाही."

"परवाना नाही?"

"त्यांनी विचारलंच नाही ना," बाई समजावणीच्या सुरात म्हणाल्या. "विचारलं नाही म्हणून अर्ज नाही, अर्ज नाही म्हणून फाइल नाही. फाइलच नाही त्याला आम्ही अडवणार कशाच्या आधारावर? तुमचं मात्र आता आलं नियमात. अर्ज प्रलंबित असेपर्यंत आपलं वाहन पाण्यात घालायचं नाही, आणि अर्जदाराने दुसऱ्या कुठल्या विनापरवाना वाहनातही बसायचं नाही. इथे सही करा."

घड्याळवाल्यांनी सही केली. सही सुरेख होती. अर्जात 'वाहनाचा वापर केव्हा' या रकान्यात त्यांनी खरं ते लिहिलं, 'रविवारी'. नियमाप्रमाणे पाहणी वापराच्या दिवशीच व्हायची असते, त्यामुळे सगळ्या पाहण्या रविवारी ठरल्या.

पहिल्या रविवारी निरीक्षक आले. तरुण, हसतमुख माणूस, खांद्याला टेप अडकवलेली. नऊ फुटांच्या आतली वाहनं लहान वर्गात, त्यावरची मोठ्या वर्गात. सकाळी आठ वाजता होडी नऊ फुटांना अर्धा इंच कमी भरली. निरीक्षकांना चहा दिला, गप्पा झाल्या, उन्हं वर आली, फुग्यांतली हवा तापली. जाता जाता त्यांनी सवयीने परत टेप लावली तर होडी नऊ फूट अर्धा इंच.

"सकाळी लहान आणि दुपारी मोठी," निरीक्षक गंभीर झाले. "काका, दोन अर्ज लागतील."

पलीकडच्या धक्क्यावर एक पांढरा ठिपका दिसत होता. घड्याळवाल्यांनी हात वर केला, म्हणजे जेवढा वर जात होता तेवढा. ठिपका दुपारपर्यंत हलला नाही.

दुसऱ्या रविवारच्या पाहणीत निरीक्षकांच्या लक्षात आलं की फुगे दोन आहेत. प्रत्येक फुगा एकटा तरंगू शकतो. म्हणजे नियमाच्या भाषेत जलवाहनं दोन झाली, आणि त्या दोहोंना जोडणारी, पाण्याच्या वरून जाणारी, माणसाचा भार पेलणारी खुर्ची म्हणजे पूल. पुलाला पूल खात्याचा दाखला हवा.

इथे नमूद केलं पाहिजे की पूल खात्याला खरा पूल दुरुस्त करायला तेरा महिन्यांत एकदाही सवड झालेली नव्हती. खुर्चीसाठी मात्र अभियंता तिसऱ्याच रविवारी टोपी घालून हजर झाला. त्याने खुर्चीवर बसून पाहिलं, उठून पाहिलं, खुर्चीखाली वाकून पाहिलं आणि दाखला दिला. 'पूल वाहतुकीस योग्य. एका वेळी एक व्यक्ती. पुलावर गर्दी करू नये.'

"ह्या रविवारी तरी बर्फवाल्याबरोबर जा हो," बायको त्या दिवशी जवळजवळ ओरडली. "म्हातारी तिकडे उन्हात बसलीय. तिला वाटत असेल भाऊ रुसला."

"मी सही केलीय."

"मग मी बर्फवाल्याबरोबर निरोप पाठवते."

निरोप गेला. ताईला ऐकू आला नाही, आणि बर्फवाल्याचे ओठ मिशांआड असल्याने वाचताही आला नाही. बर्फवाल्याने हातवारे करून 'होडी', 'अर्ज' आणि 'निरीक्षक' सांगायचा प्रयत्न केला. त्यावरून ताईचा समज असा झाला की छोट्या आजारी आहे, आणि ती रडली. बर्फवाल्याने हे परत येऊन सांगितलं तेव्हा घड्याळवाले दुकानात शिरले, डोळ्याला भिंग लावलं आणि एकच घड्याळ तीनदा उघडून तीनदा बंद केलं.

चौथ्या रविवारी सकाळी साडेदहाला निरीक्षक हसत हसत आले. सगळे दाखले पूर्ण होते. नोंदणी क्रमांक मिळाला होता, एक. अख्ख्या तलावावरचा पहिला. क्रमांकाच्या दोन पत्र्याच्या पाट्या त्यांनी कागदातून काढल्या, वाहनं दोन म्हणून पाट्याही दोन. सोबत आठ स्क्रू होते.

"स्क्रू कशाला?" घड्याळवाल्यांनी विचारलं.

"पाटी कायमस्वरूपी आणि स्क्रूने बसवलेली असावी. कलम एकोणीस."

"अहो, पण फुगा आहे तो. हवा जाईल."

निरीक्षकांनी कलम एकोणीस पुन्हा वाचलं. "हवेचा उल्लेख नाही इथे."

"चिकटवली तर?"

"निघू शकते ना काका. पाटी निघाली तर तुमची होडी ओळखायची कशी?"

"तलावावर नोंदलेली ही एकच होडी आहे."

"म्हणूनच तर," निरीक्षक म्हणाले. मग त्यांनी खिसे चाचपले आणि ओशाळले. "स्क्रूड्रायव्हर राहिला ऑफिसात. आता पुढच्या रविवारीच जमेल."

घड्याळवाल्यांनी तलावापलीकडे पाहिलं. ठिपक्याशेजारी आज एक निळा ठिपका उभा होता. ताईची बॅग असावी. त्यांनी खिशातून स्वतःचा स्क्रूड्रायव्हर काढला. निरीक्षकांना स्क्रू कसा धरायचा ते कळेना, म्हणून स्क्रूही घड्याळवाल्यांनीच लावले, सरळ, सारख्या अंतरावर, चाळीस वर्षांच्या सवयीने. पहिल्या स्क्रूला फुग्याने एक लांब सुस्कारा टाकला. आठव्या स्क्रूपर्यंत होडी काठावर पसरली होती आणि खुर्ची, म्हणजे पूल, तिच्यात तोंडावर पडला होता. मोटरचा पंखा चिखलात रुतला.

निरीक्षकांनी प्रमाणपत्र पूर्ण भरलं. 'पाट्या घट्ट बसवल्या आहेत. वाहन पाण्यात बुडण्याचा धोका नाही. वापरास परवानगी.' ते अभिनंदन करायला हात पुढे करणार होते, पण घड्याळवाल्यांचा चेहरा पाहून त्यांनी तो हात परत खिशात घातला. माणूस वाईट नव्हता. पलीकडून मोटारीचा हॉर्न ऐकू आला. साडेअकरा झाले होते.

बर्फवाल्याने आपली बोट काठाला आणली. "काका, माझ्याकडे परवाना नाही, पण जागा आहे. या."

घड्याळवाले एक पाऊल पुढे गेले आणि थांबले. लाल सिग्नलला थांबत तसेच.

"बसा हो काका," निरीक्षक हळूच म्हणाले. "मी तिकडे बघतो." आणि त्यांनी खरोखरच तिकडे, झाडांकडे, तोंड केलं.

"तुम्हाला असं तिकडे बघता येतं?" घड्याळवाल्यांचा आवाज चिरकला. "येतं तर मग पहिल्या रविवारीच का नाही बघितलंत?"

"तेव्हा तुम्ही विचारलं होतंत ना," निरीक्षक झाडांना म्हणाले.

घड्याळवाले बर्फाच्या लाद्यांमध्ये बसले. बोट सहा मिनिटांत पोचली. मुलगा बॅग डिकीत ठेवत होता. ताईने भावाला वरपासून खालपर्यंत चाचपून पाहिलं, कपाळाला हात लावला. ताप नव्हता.

"अरे छोट्या, कुठे होतास तीन रविवार?"

त्यांनी मोठ्याने, ओठ नीट हलवत सांगितलं, "परवानगी काढत होतो. तुझ्याकडे यायची."

ताईला समजलं. तिने भुवया वर केल्या. "माझ्याकडे यायची? मग मला विचारायचंस की!"

बारा वाजता गाडी निघाली. काचेतून तिचा हात बराच वेळ दिसत होता. घड्याळवाल्यांनी मनगटाकडे पाहिलं. भेटीची सगळी मिळून सतरा मिनिटं.

सोमवारी सकाळी ते पायात चपला सरकवू लागले तेव्हा बायकोने दार अडवलं. "आता कुठे?"

"काल विनापरवाना बोटीत बसलो. सही मोडली. त्याचं काय करायचं असतं ते विचारून येतो."

बायको दारातून बाजूला झाली आणि डोळ्यांना पदर लावला. खिडकी क्रमांक तीनमधल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं, सगळे खण उघडून पाहिले. "स्वतःहून कबूल करणाऱ्यासाठी नमुनाच छापलेला नाही हो. आजवर कोणी आलंच नाही. पण बसा, काढू काहीतरी." त्यांनी कोरी फाइल घेतली आणि वर लिहिलं, 'प्रकरण क्रमांक एक'. मागे तलावावरून बोटी जात होत्या.

आता एक सांगा. 'कशाला गेला हा बाबा परत विचारायला?' असं तुमच्या मनात आत्ता आलं ना? राग आला तोही घड्याळवाल्यांचाच आला, खिडकीचा नाही. कार्यालयाच्या वार्षिक अहवालात शेवटच्या पानावर दर वर्षी एक ओळ छापतात, 'सहकार्याबद्दल समस्त नागरिकांचे आभार'. ती ओळ तुमच्यासाठी आहे.