नागनाथनं पिकअप आवळला

विजयमाला भाकरी थापता थापता गुणगुणत होती आणि समोर जेवायला बसलेल्या नागनाथच्या घशाखाली घास उतरत नव्हता. कारण ती धून शिवयोगीची होती. मिलच्या ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटारी दोन, एक नागनाथची आणि एक शिवयोगीची. पण येत्या गणपतीतल्या कार्यक्रमात ही धून एकट्या शिवयोगीच्या वाट्याला आली होती.

"कुटं ऐकलंस हे?" त्यानं विचारलं.

"काय?"

"हेच, गुणगुणतीस ते."

"आसंल कुटंतरी ऐकलेलं. कालवण वाढू का?"

कुठंतरी म्हणजे कुठं, हे नागनाथनं तिथंच ठरवून टाकलं. मागच्या मंगळवारी ही शिवयोगीच्या बायकोकडं, गुरम्माकडं, हळदीकुंकवाला गेली होती. तिथं त्यानं बायकांना वाजवून दाखवलं असणार. जळणाऱ्या माणसाला पुरावा लागत नाही, शंका पुरते.

खरं म्हणजे तीच धून नागनाथही रोज संध्याकाळी घरी घासत बसे. त्याच्या मते बोटं अगदी बरोबर पडत. पण तालमीत अ‍ॅम्प्लिफायरला जोडली की शिवयोगीची गिटार गोल, भरदार बोलायची आणि ह्याची नुसती किरकिरायची. आता आपली बोटं कमी पडतात असं आजवर कुणाला वाटलंय? दोष वाद्यातच असणार.

शिवयोगी चहाला गेल्यावर नागनाथनं त्याची गिटार खालीवर करून पाहिली. तारांखाली एक चपटी पट्टी असते, ती तारांची थरथर पकडून अ‍ॅम्प्लिफायरला पोचवते. तिला पिकअप म्हणतात. शिवयोगीचा पिकअप थेट लाकडात स्क्रूनं घट्ट बसवलेला होता. नागनाथचा मात्र दोन स्प्रिंगांवर, खाली रबर घालून टेकवलेला. नागनाथ मागखात्यात फिटर होता. सैल दिसलं की आवळायचं, वीस वर्षं त्यानं दुसरं काही केलं नव्हतं.

"हितं हाय व्हय गोम," तो म्हणाला.

घरी येऊन त्यानं स्प्रिंगा काढल्या, रबर फेकलं आणि लाकूड करकरेपर्यंत पिकअप आवळला. शिवयोगीची गिटार म्हणजे अख्खी भरीव फळी आणि आपली म्हणजे पोकळ पेटी, एवढा एक फरक तेवढा त्यानं मनावर घेतला नाही.

कार्यक्रमाला मैदान भरलं होतं. बायकांत पुढंच विजयमाला आणि गुरम्मा शेजारी शेजारी बसलेल्या. शिवयोगीनं ती धून सुरू केली आणि विजयमालेची मान डोलायला लागली. नागनाथ अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेली आपली गिटार मांडीवर घेऊन, तिच्यावर वाकून बसला होता. तो स्वतःशीच पुटपुटला. मागांच्या खडखडाटात जन्म गेलेल्या माणसाचं पुटपुटणं ते. तुमचंआमचं बोलणं त्यापुढं हळू.

"वाजीव, वाजीव. माझ्या बायकूला याड लावलंस की."

हे वाक्य भोंग्यातून सगळ्या मैदानावर पडलं.

शिवयोगीची बोटं थांबली. निवेदक रावसाहेबांना वाटलं, माईकवर कोणीतरी चावटपणा केला. त्यांनी घाईघाईनं माईक बंद केला.

"आयला, माझ्या मनातलं कोण बोलतंय?" नागनाथ म्हणाला. भोंग्यांनी तेही सांगितलं.

आता गुरम्मा उठली. "एन्री, काय ऐकते मी हे?" तिनं खालूनच नवऱ्याला कानडीत 'अहो' करून विचारलं. शिवयोगी घामानं भिजला. त्यानं विजयमालेशी आयुष्यात दोन वाक्यं बोललेली नव्हती, पण ते सांगायचं कुणाला? आणि सांगावं तर माईक बंद.

अ‍ॅम्प्लिफायर सांभाळणारा ईश्वरप्पा मात्र नागनाथच्या गिटारीकडं टक लावून पाहत होता. "नागनाथ, स्प्रिंगा काढल्यास व्हय रं? पोकळ पेटीच्या झाकणावर आवळलास? झाकण हाललं की पिकअप हालतंय, तू बोललास तरी धरतंय त्ये." आणि तो वायर उपसायला माणसांच्या पायांतून वाट काढू लागला.

त्याच्या आधी विजयमाला नागनाथपाशी पोचली. गावासमोर अब्रू गेली होती, डोळ्यांत पाणी होतं, पण बाई शहाणी. माईक बंद आहे हे तिनं नीट पाहून घेतलं. मग गिटारीवर वाकून नवऱ्याच्या कानाशी, फक्त त्यालाच ऐकू जाईल असं म्हणाली,

"अहो, महिनाभर घरात तुमीच त्ये वाजवताय की. तुमचंच ऐकून तोंडात बसलंय माझ्या. हळदीकुंकवाला गेले तवा शिवयोगी भावजी कामावर होते. त्यांचं मी आज पयल्यांदा ऐकलं."

भोंग्यांनी हेही शब्द न् शब्द सगळ्या मैदानाला सांगितलं. नागनाथचा ऊर भरून आला. तिची धून त्याची होती, महिनाभर त्याचीच होती. त्यानं मान वर करून सगळ्या मैदानाकडं पाहिलं.

"मग?" तो म्हणाला. "कसं वाटलं त्याचं?"

विजयमाला नवऱ्याशी कधी खोटं बोलली नव्हती. ती आणखी खाली वाकली.

"तुमच्यापरीस लई बरं वाजवत्यात," ती म्हणाली.

गुरम्मा समाधानानं खाली बसली आणि टाळ्यांची सुरुवात तिनंच केली.