कचरूनानांचा ओढा

आमच्या गावात ओढा नाही. कचरूनानांकडे मात्र आहे. तो त्यांच्या विहिरीपासून निघतो, त्यांचं रान ओलांडून आमच्या घराच्या दिशेनं येतो, आणि लाईट असली की वाहतो.

मी चेष्टा करत नाही. मोजणीवाल्यांची गाडी दिसली की नाना मोटर चालू करायचे आणि ओढ्याला पाणी यायचं. गाडी गेली की ओढा बंद. गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला हा ओढा आठवत नव्हता. नानांना आठवत होता. "माझ्या आज्ज्यानं याच्यात म्हशी धुतल्यात," असं ते गाडीतल्या प्रत्येकाला सांगायचे. नानांचे आजोबा जन्मभर राजूरला राहिले. त्यांनी हे गाव पाहिलंसुद्धा नव्हतं.

हे सगळं सुरू झालं ते टोलमुळे. श्रीरामपूरच्या बाहेरून मोठा रस्ता जाणार आहे, दोन्ही बाजूंना कुंपण, मधूनच कुणी शिरायचं नाही, शिरायचं तर टोल भरून. रस्ता अजून कागदावर आहे, पण गावात त्याला सगळे आत्तापासूनच टोल म्हणतात. हा टोल नानांच्या रानातून जातो. म्हणजे नानांचं घर त्याच्या एका अंगाला आणि आमचं दुसऱ्या.

नाना पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. कालव्याच्या चाऱ्यांना पाणी सोडायचं आणि बंद करायचं, हे त्यांचं काम. त्यामुळे जगातल्या सगळ्या गोष्टींवर त्यांचं एकच मत असतं, "पानी खोटं बोलत न्हाई." लग्न मोडलं, निवडणुकीत कुणी पडलं, आमची गाय आटली, तरी नाना मान हलवून हेच म्हणतात. कुणी अर्थ विचारला तर आणखी एकदा म्हणतात.

नानी जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी नाशिकला दिलेली. नाना एकटेच असतात आणि रोज पाच वाजता रान तुडवत आमच्याकडे येतात. त्यांना चहाला बोलावल्याचं मला आठवत नाही. पायरीवर बसता बसता ते माझ्या बायकोला सांगतात, "मंगल, च्या नको गं." मंगल चहा टाकते. पहिला घोट घेऊन नाना म्हणतात, "साखर कमी हाय. कारखान्याच्या मानसाच्या घरी ही गत." मग दुसरा कप घेतात. साखर तेवढीच असते.

कारखान्याचा माणूस म्हणजे मी. मी साखर कारखान्यात वजनकाट्यावर आहे. काट्यावरचा माणूस खोटं बोलतो असा लोकांचा समज आहे, म्हणून मी अगदी बारीकसारीक गोष्टीतही मुद्दाम खरं बोलतो. घरात याचा फार त्रास होतो.

तर, देवळासमोरच्या मांडवात रस्त्याची सुनावणी झाली. जो तो उठून भाव विचारत होता. उत्तरं देऊन देऊन सुनावणीला आलेल्या साहेबांचा घसा बसला. शेवटी नाना उठले.

"तुमची जमीन किती जाते, काका?" साहेबांनी विचारलं.

"जायाची तेवढी जाती. तिचं काय न्हाई."

"मग हरकत कशाला आहे?"

"हरकत न्हाई. माझ्या रानात रस्त्याखालनं मोरी पायजे. मोठी. मानूस उभा जाईल आशी."

साहेबांनी समजावून सांगितलं, की मोरी म्हणजे पाणी जायची वाट. जिथं ओढा-नाला आडवा येतो तिथंच ती ठेवतात. माणसांसाठी पुढे पुणतांब्याच्या रस्त्याला पूल आहे, तिकडून वळसा घालून जायचं. तुमच्या रानात ओढा आहे का?

नानांनी टोपी सारखी केली. मग म्हणाले, "हाय की."

दुसऱ्या दिवसापासून ते चर खणायला लागले.

मोरी कशासाठी, यावर गावात बरेच तर्क झाले. कुणी म्हणालं जनावरांसाठी, पण जनावरं नानांनी कधीच विकली होती. कुणी म्हणालं, मोरीत पानटपरी टाकणार. मला वाटलं वयाचा परिणाम असेल. मी एकदा चहा पिताना विचारलं तर म्हणाले, "पानी खोटं बोलत न्हाई." मी म्हटलं, "नाना, ते पाणी तुमच्या मोटरचं आहे." त्यावर त्यांनी साखरेचा विषय काढला.

मग एक दिवस निरोप आला, की इंजिनियर मॅडम ओढा बघायला येणार. नानांनी मॅडमना फोन केला. मी शेजारीच होतो.

"मॅडम, पुढल्या आठवड्यात या. या आठवड्यात ओढा रातच्याला आसतो."

आमच्याकडे शेतीची लाईट एक आठवडा दिवसा असते आणि एक आठवडा रात्री. नानांना यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. मॅडम खरंच पुढल्या आठवड्यात आल्या.

आदल्या संध्याकाळी नाना मला म्हणाले, "भाऊसाहेब, तू शेजारी. तुला इचारतील. तू फक्त व्हय म्हन."

"नाना, खोटं नाही बोलणार मी."

"बरं," म्हणाले आणि दुसरा कप न घेता गेले. मंगल माझ्याशी जेवेपर्यंत बोलली नाही.

मॅडम वयानं लहान होत्या, डोक्याला ओढणी गुंडाळलेली. ओढा वाहत होता. नाना हात मागे बांधून काठाकाठानं चालत होते. आज्जा आणि म्हशी सांगून झाल्या. तेवढ्यात लाईट गेली आणि ओढा थांबला.

नाना म्हणाले, "उन्हाळी ओढा हाय. मधी दम खातो."

मॅडमनी मान डोलावली. मग खाली बसून त्यांनी चर पाहिला, आमच्या घराकडे पाहिलं, परत चर पाहिला. "काका, तुमचा ओढा चढाला चाललाय."

ते खरंच होतं. आमचं घर उंचवट्यावर आहे. खणलेला चर नानांच्या दारातून सरळ रेषेत आमच्या पायरीकडे येत होता, आणि पाणी अर्ध्यावर येऊन तुंबलं होतं. जन्मभर पाणी फिरवलेल्या माणसाला उतार कुठं आहे हे ठाऊक नसेल असं होणार नाही. पण उताराकडे आमचं घर नव्हतं.

मॅडमनी विचारलं, "खरं सांगा काका. मोरी झाली तर तिच्यातून नक्की काय जाणार?"

नानांनी पाण्याचं नाव काढलं नाही. आमच्या ओट्यावर मंगल चहाचे कप विसळत होती, तिकडे बघत राहिले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. इतके दिवस या टोलनं नानांचं काय जाणार हेच आम्ही मोजत होतो. आमचं काय जाणार हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "तुम्ही शेजारी ना? आहे का इथं ओढा?"

"आहे," मी म्हणालो.

"कुठवर येतो?"

"आमच्या पायरीपर्यंत. रोज पाचला."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मग नानांकडे. "बारमाही?"

"बारमाही," मी म्हणालो.

मोरी मिळेल की नाही ते अजून कळलेलं नाही. मॅडम म्हणाल्या, लिहिते, पण वरून ठरतं. त्या रविवारी मी कुदळ घेऊन आमच्या बाजूनं उंचवटा फोडायला सुरुवात केली, म्हणजे निदान पाणी तरी पोचेल. नाना पायरीवर चहा घेऊन बसले होते आणि माझा उतार चुकतोय असं मंगलला सांगत होते.

"थोडं रुंद घे, भाऊसाहेब," मधेच म्हणाले. "पान्याचं काय न्हाई. मला गुडघ्यानं आवघड जातं."