क्लॅरीबाबांची काही तक्रार नाही

ग्लेनिस टॅरंटला महिन्याला वीस ठिकाणी नोकरीसाठी अर्ज करायचे होते आणि वॅरंबी गावात नोकऱ्या होत्या तीन. त्यातली एक कबरी खणण्याची. पीचचे डबे भरणारा कारखाना बंद पडल्यापासून अर्धं गाव हेच करत होतं. बेकारभत्ता चालू राहावा म्हणून नसलेल्या नोकऱ्यांसाठी अर्ज पाठवायचे आणि पाठवल्याचा पुरावा संगणकात भरायचा. कबरी खणण्यासाठी ग्लेनिसने चार वेळा अर्ज केला होता. चौथ्या वेळी स्मशानभूमीच्या कारकूनबाईंनी आपणहून फोन करून विचारलं, "बाई गं, घरी सगळं बरं आहे ना?"

बरं नव्हतंच. मार्चमध्ये तिच्या वडिलांना, म्हणजे क्लॅरीबाबांना, अर्धांगाचा झटका आला होता. वय त्र्याऐंशी, डावा हात निकामी, आणि गॅस पेटवला की तो पेटवलाय हे विसरून जायचे. त्यांना एकटं सोडणं म्हणजे घराला काडी लावणं. आता सरकार काही दगडाच्या काळजाचं नसतं. घरच्या आजारी माणसाचं करणाऱ्याला नोकरी शोधण्यातून सूट मिळेल, असा नियम होता. नियम माणुसकीचा होता, अर्ज मात्र चौदा पानांचा होता.

"सूट मिळणार, शंभर टक्के मिळणार," नोकरी केंद्रातला ब्रेडन म्हणाला. चोवीस वर्षांचा हा मुलगा ग्लेनिसला तिचं आयुष्य कसं उभारायचं ते दर पंधरा दिवसांनी समजावून सांगत असे. "बाबांना एकटं सोडून तुम्हाला बाहेर पडता येत नाही, एवढंच सिद्ध करायचं."

"कसं?"

"इथे प्रत्यक्ष येऊन."

"अरे, मग त्यांना एकटं सोडूनच यावं लागेल ना?"

"पण आत्ता आलाच आहात की. बाबा कुठेयत?"

"बाहेर गाडीत. कुत्रा बसलाय जवळ."

"म्हणजे सोबत आहे," असं म्हणून ब्रेडनने ते संगणकात भरलं. मग डॉक्टरचा दाखला आणायला सांगितलं.

खरी पंचाईत इथे झाली. क्लॅरीबाबांनी चाळीस वर्षं मेंढ्यांची लोकर कातरली होती, आणि लोकर कातरायच्या शेडमध्ये कण्हणाऱ्या माणसाला दुसऱ्या दिवशी बटाटे सोलायला बसवत. एकदा मेंढ्याने तीन बरगड्या मोडल्या, तरी त्यांनी उरलेल्या साठ मेंढ्या कातरून मगच दवाखाना गाठला होता. कसे आहात, असं कुणी विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. "काही तक्रार नाही." वॅरंबीतले सगळे म्हातारे हेच सांगतात, आणि पुढच्या आठवड्यात त्यांच्या अंत्यविधीला गाव जमतं.

"हात काय म्हणतोय?" डॉक्टर फाम यांनी विचारलं. ते गावात नवे होते.

"झकास."

"उचलून दाखवता?"

क्लॅरीबाबांनी उजव्या हाताने डावा हात धरला आणि खांद्यापर्यंत उचलून दाखवला. "हा बघा."

बाहेर अकरा रोगी खोळंबले होते. डॉक्टरांनी दाखल्यावर लिहिलं, 'रुग्णाची काही तक्रार नाही.'

गाडीत बसल्यावर ग्लेनिस कडाडली. "बाबा, धडधडीत खोटं बोललात!"

"खोटं काय त्यात? गरीब बिचारा पोरगा, त्याला कशाला आपलं रडगाणं ऐकवायचं?"

"मग आता ऐका. सूट मिळाली नाही तर भत्ता बंद होईल. मग मला शहरात जावं लागेल, आणि तुम्हाला वृद्धाश्रमात."

"तिथे दुपारी टाळ्या वाजवत गाणी म्हणायला लावतात," क्लॅरीबाबा हळूच म्हणाले.

"लावतात."

"बरं. पुढच्या वेळी सांगतो खरं. थोडंसं."

पुढची वेळ लवकरच आली. घरची परिस्थिती तपासायला एक बाई आल्या. त्यांच्यासाठी क्लॅरीबाबांनी दाढी केली, म्हणजे अर्धी केली, आणि ग्लेनिसकडून टाय बांधून घेतला. चहा मात्र मीच करणार, असा हट्ट धरून ते स्वयंपाकघरात जाऊनही आले.

"मिस्टर टॅरंट, रोजच्या कामात कुणाच्या मदतीची गरज पडते?" बाईंनी विचारलं.

म्हाताऱ्याने लेकीकडे पाहिलं. लेकीने डोळे वटारले.

"आता लपवून काय उपयोग," क्लॅरीबाबांनी सुस्कारा सोडला. ग्लेनिसचा जीव भांड्यात पडला. "गरज हिला आहे हो. नोकरी गेली बिचारीची. राहायला इथेच, जेवायला इथेच. मीच सांभाळतोय तिला."

बाई कळवळल्या. त्यांनी 'स्वावलंबी, स्वयंपाक करतात, बेरोजगार मुलीला आधार' असं लिहून सही केली, आणि तेवढ्यात जळकट वास आला. क्लॅरीबाबांनी विजेवरची प्लास्टिकची किटली गॅसवर चढवली होती.

"हल्लीच्या वस्तूंत दमच नाही," ते म्हणाले. बाईंनी मान डोलावली. लिहिलेलं मात्र खोडलं नाही.

सूट नामंजूर झाली. वर, अर्ज कमी भरले म्हणून ग्लेनिसला 'आत्मविश्वासाने स्वतःला मांडा' या शिबिराला बसायचा हुकूम आला. ती बाबांना घेऊनच केंद्रात गेली आणि त्यांना ब्रेडनच्या टेबलासमोर बसवलं. "हे स्वावलंबी आहेत. तुझ्याच कागदावर लिहिलंय," असं म्हणून ती आत गेली.

आत एक गुलाबी कोटातल्या बाई शिकवत होत्या, "कसं चाललंय, असं कुणी विचारलं की अडचणींचा पाढा वाचायचा नाही. हसायचं आणि सांगायचं, मस्त!" तीस बेकारांनी एका सुरात हसून "मस्त!" म्हणून दाखवलं. ग्लेनिसने अकरा वेळा म्हटलं.

दुपारी ती बाहेर आली तर ब्रेडनचा शर्ट ओला, केस उभे. त्याने क्लॅरीबाबांना तीनदा संडासला नेलं होतं, दोनदा पँटची बटणं लावली होती आणि एकदा रस्त्यापलीकडच्या रंगाच्या दुकानातून परत आणलं होतं. या धावपळीत त्याच्या चार भेटी चुकल्या, आणि कामात हयगय केल्याबद्दल संगणकाने त्यालाच ताकीद दिली होती.

"हे रोज असं असतं?" त्याने विचारलं.

"छे, आज बरा दिवस आहे त्यांचा."

ब्रेडनने चौदाच्या चौदा पानं स्वतः भरली, सहा मिनिटांत. "तेरा आठवड्यांची सूट," तो म्हणाला. "आता फक्त मुख्य कार्यालयातून एक फोन येईल. विचारतील ते खरं सांगा, की झालं."

गुरुवारी सकाळी फोन आला. ग्लेनिस चार रात्री धड झोपली नव्हती. बाबांना उचलून उचलून कंबरेचा काटा ढिला झाला होता आणि आदल्याच दिवशी ती नळ सोडून न्हाणीघरात रडली होती. हे सगळं सांगायचं, असं तिने घोकून ठेवलं होतं. खुर्चीतून क्लॅरीबाबा कान टवकारून ऐकत होते.

"नमस्कार ग्लेनिस," पलीकडून लोण्यासारखा मऊ आवाज आला. "कशा आहात? बाबांचं करताना तुमचं सगळं जमतंय ना?"

ग्लेनिसने खोल श्वास घेतला. तोंड उघडलं.

"हो, हो! जमतंय की. मस्त चाललंय. काही तक्रार नाही."

"अरे वा, ऐकून फार बरं वाटलं! मग सूट नको, असं लिहिते हं. दिवस छान जावो."

फोन बंद झाला. ग्लेनिसला रडू येत होतं आणि हसूही. खुर्चीतून क्लॅरीबाबांनी चांगला हात पुढे करून तिच्या पाठीवर थोपटलं.

"शाब्बास गं पोरी! परक्यापुढे रडायचं नाही."

ग्लेनिसने डोळे पुसले, संगणक उघडला आणि कबरी खणण्याच्या जागेसाठी पाचवा अर्ज भरायला घेतला.