आतल्या खोलीतली खाण

मनुष्य झोपला की त्याच्या मालकीची यंत्रंही झोपतात, आणि जगाच्या संपत्तीचा फार मोठा भाग असा रोज घोरत वाया जातो, ही गोष्ट अर्थशास्त्राने अद्याप पुरेशा गांभीर्याने घेतलेली नाही. फ्रिज बिचारा अहोरात्र राबतो. घड्याळ राबतं. पण घरातला सर्वात महाग आणि सर्वात हुशार समजला जाणारा कॉम्प्युटर मात्र संध्याकाळ झाली की अंगावर फडकं ओढून गप्प बसतो, आणि त्याला कोणी जाबही विचारत नाही.

आमच्या नात्यात ही बेशिस्त सर्वप्रथम माझ्या साडूंच्या लक्षात आली. साडूंचं चष्म्याचं दुकान आहे. इतरांना स्वच्छ दिसावं यासाठी त्यांनी निम्मं आयुष्य खर्ची घातलं आहे. एका सकाळी त्यांच्या तपासणीच्या खुर्चीत एक गृहस्थ येऊन बसले. (यांना तक्त्यावरच्या वरच्या दोन ओळींखाली काहीही वाचता येत नव्हतं.) काचा बदलून पाहता पाहता त्यांनी साडूंना सांगितलं, की घरच्या कॉम्प्युटरवर क्रिप्टोचं नाणं खणून काढता येतं, ते स्वतः काढतात, आणि येत्या दोन वर्षांत काय होणार आहे हे त्यांना अगदी स्पष्ट दिसतंय. साडूंनी त्यांना जाड काचा दिल्या आणि भविष्य त्यांच्याकडून घेतलं.

या खाणकामाची पद्धत सर्वसामान्यांच्या माहितीसाठी थोडक्यात नमूद करतो. त्यात खाण नसते, माती नसते, कुदळही नसते. एक अवघड आकडा असतो. जगभरातले असंख्य कॉम्प्युटर तो एकाच वेळी ओळखू पाहतात. ज्याला आधी लागतो त्याला नाणं मिळतं. उरलेल्यांना अनुभव मिळतो. लगेच नवा आकडा येतो. एकट्याने प्रयत्न केल्यास पणतवंडांच्या काळात यश येण्याची दाट शक्यता असल्यामुळे सगळे मिळून एक सोसायटी करतात आणि मिळालेलं नाणं कष्टाच्या प्रमाणात वाटून घेतात. आपल्या वाट्याला काय आलं ते पाहण्यासाठी दशांशचिन्हाच्या उजवीकडे बरंच चालत जावं लागतं, एवढंच.

साडूंनी हे सगळं जेवणाच्या टेबलावर समजावून सांगितलं, तेव्हा मी हजर होतो. आमच्या सासूबाई साडूंकडेच राहतात. त्यांना कमी ऐकू येतं, पण कानात यंत्र घातलं की नको तेवढं ऐकू येतं.

"म्हणजे लॉटरीच की," सासूबाई म्हणाल्या.

"नाही हो आई. लॉटरीत तिकीट काढावं लागतं. इथे काही काढावं लागत नाही."

"आणि वीज?"

"वीज घरात असतेच."

या उत्तरात चूक कुठे आहे ते सासूबाईंना सापडेना, मलाही सापडेना, आणि ठराव बहुमताने मंजूर झाला. विरोधी मत एकच होतं. ते कॉम्प्युटरच्या मालकिणीचं होतं.

मालकीण म्हणजे साडूंची मुलगी, माझी भाची. ती इमारतींच्या आतल्या रचनेचे नकाशे करते: कपाट कुठे, खिडकी कुठे, दिवा किती उंचीवर. घरूनच काम करते, आणि त्यासाठी तिने स्वतःच्या कमाईतून चांगलं ग्राफिक्स कार्ड असलेला दणकट कॉम्प्युटर घेतला होता. खाणीलाही नेमकं तेच कार्ड लागतं. साडूंच्या मते हा योग होता. भाचीच्या मते हा तिचा कॉम्प्युटर होता. अखेर दिवसा नकाशे आणि रात्री खाण अशी वाटणी ठरली.

प्रारंभिक गुंतवणूक अगदी किरकोळ होती. मात्र एका कार्डाने आकडे फार सावकाश ओळखले जात, म्हणून आणखी दोन जुनी कार्डं घेतली. (ती त्याच जाड काचांच्या गृहस्थांनी दिली. स्वतःच्या खाणीतून काढून दिली, यावरून त्यांचा मोठेपणा लक्षात यावा.) तीन कार्डांना वीज पुरेना, म्हणून मोठा पॉवर सप्लाय. तो कॉम्प्युटरच्या डब्यात मावेना, म्हणून डब्याचं झाकण काढलं. यंत्र तापू लागलं, म्हणून पंखे. पंखे गरम हवाच फिरवू लागले, म्हणून एसी. अशा प्रकारे फुकट मिळणाऱ्या नाण्याची पूर्वतयारी पूर्ण झाली.

खाण सुरू झाली आणि आतल्या खोलीत विमान उडण्यापूर्वी होतो तसा आवाज घुमू लागला. त्याचे सामाजिक फायदे लगेच दिसू लागले. धुतलेले कपडे तासाभरात वाळू लागले. वरच्या मजल्यावरच्या बाईंची फरशी कोमट झाली; त्यांचं मांजर सोफा सोडून बरोबर आमच्या यंत्राच्या डोक्यावर येईल अशा जागी झोपू लागलं. आणि सासूबाईंचे गुडघे. गेली कित्येक वर्षं ज्या गुडघ्यांपुढे तीन डॉक्टरांनी हात टेकले होते, ते त्या उबेत आठवड्याभरात मोकळे झाले. त्यांनी आपली कॉट आतल्या खोलीतच हलवून घेतली. आवाजाचा प्रश्न नव्हता. कानातलं यंत्र काढून ठेवलं की झालं. एसीमुळे गार वाटलं तर त्या पायांवर रजई घेत. एकच खोली एकाच वेळी विजेवर तापवायची, विजेवर गार करायची आणि वर रजई घ्यायची, हे वैभव पूर्वी राजेरजवाड्यांनाही लाभलं नसेल.

उत्पन्नाविषयी अफवा पसरू नयेत म्हणून अधिकृत माहिती देतो. पहिल्या महिनाअखेरीस साडूंकडे जमलेल्या नाण्याच्या तुकड्यात, सकाळच्या भावाने, अर्धा कप चहा आला असता. संध्याकाळी साडूंचा फोन आला.

"अहो, पूर्ण कप!" ते फोनमध्ये ओरडले. "एका दिवसात दुप्पट! तुमची बँक देते का एवढं?"

देत नाही, हे मला मान्य करावं लागलं.

त्याच सुमारास मीटर वाचायला येणाऱ्या माणसाने दार वाजवलं. "इथे काही कारखाना वगैरे आहे का?" त्याने विचारलं. साडू नंतर कित्येक दिवस हे सांगत होते. चष्म्याच्या दुकानाला जन्मात कोणी कारखाना म्हटलं नव्हतं. बिलाचा कागद पाहून मेहुणीने मात्र डोक्याला हात लावला. मीटरवाला जिना उतरला, अर्ध्यावरून परत आला आणि हळूच म्हणाला, "कार्ड कुठलं वापरता?"

रात्रीची खाण सकाळी बंद करायची, असं ठरलं होतं. पण आकडा अगदी ओठांवर आला आहे आणि आपण यंत्राला गप्प करतो आहोत, ही कल्पना साडूंना सहन होईना. सकाळचे नऊ झाले, मग दहा, मग जेवण होईपर्यंत.

"बाबा, माझं ड्रॉइंग अडकतंय. माऊस हलवला की चित्र मागून येतं."

"अडकत नाही गं, विचार करतंय."

"कोणाचा?"

साडू एसी एक अंशाने कमी करून बाहेर गेले.

अशातच भाचीला एक मोठं काम मिळालं. मुलांच्या दवाखान्याचा एक अख्खा वॉर्ड आतून नव्याने रचायचा होता. खाटेवर पडलेल्या मुलाला छत कसं दिसेल, सुई टोचताना त्याच्या नजरेसमोर काय असेल, इथपर्यंत तिने विचार केला होता. खाटा कमरेइतक्या उंच, मग खिडकी किती खाली आणायची, हे कळावं म्हणून ती स्वतः त्या वॉर्डात खाटेवर आडवी होऊन आली होती. (नर्सने तिला पेशंट समजून तापही पाहिला.) सोमवारी सादरीकरण होतं. रविवारी दुपारी तिने शेवटची चित्रं तयार व्हायला लावली, मॉनिटरवर मोठ्या अक्षरांत 'बंद करू नका' असा कागद चिकटवला आणि एका दाराचं माप पुन्हा घ्यायला बाहेर पडली.

नेमका त्याच दुपारी नाण्याचा भाव उसळला. आदल्या दिवशीपेक्षा चौपट. साडू दुकान बंद असल्यामुळे घरीच होते आणि फोनवरची हिरवी रेघ वर चढताना पाहत होते. आत तीन-तीन कार्डं, आणि त्यांतलं एकही खणत नाही! असा भाव पुन्हा येईल न येईल. ते आत गेले. त्यांनी भाचीचं काम बंद केलं नाही. त्याच्या शेजारी, उरलेल्या जागेत, फक्त खाण चालू केली, आणि बाहेर येऊन पुन्हा रेघ पाहत बसले.

जळका वास आधी मेहुणीला आला. दार उघडलं तेव्हा खोलीत छतापासून कमरेपर्यंत काळा धूर होता, आणि त्याच्या खाली, कानातलं यंत्र उशाशी ठेवून, सासूबाई शांत झोपल्या होत्या. साडू आत शिरले. त्यांनी प्रथम सासूबाईंना बाहेर काढलं, हे त्यांच्या बाजूने ठळकपणे नमूद केलं पाहिजे. (सासूबाईंची कॉट दार आणि यंत्र यांच्या मधोमध होती.) मेहुणीने मेन स्विच पाडला. वरच्या बाईंनी अँब्युलन्स बोलावली आणि सासूबाईंना खोकत खोकत दवाखान्यात नेण्यात आलं.

भाची परतली तेव्हा यंत्राचा कोळसा झाला होता. काम साठवलेल्या दोन्ही डिस्क त्यात गेल्या होत्या. जुनी प्रत दुसरीकडे होती, पण त्या प्रतीतला वॉर्ड म्हणजे चार भिंती आणि एक दार. मॉनिटरवरचा कागद मात्र शाबूत होता.

"बाबा, हा वाचला नाहीत?"

"वाचला ना," साडू म्हणाले. "'बंद करू नका' लिहिलं होतंस. मी बंद केलंच नाही."

तिने पिशवी भरली आणि मैत्रिणीकडे राहायला गेली. दवाखान्याने मुदत वाढवून दिली नाही. काम दुसऱ्या कोणाला गेलं. त्या वॉर्डातल्या खिडक्या आता नेहमीच्या उंचीवर आहेत.

साडू महिनाभर दुकानात बसून होते. एका आजोबांना डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवून दिली, ती परत आली तेव्हा बदलली. मग त्यांनी एसी विकला, वाचलेले पंखे विकले, स्वतःची स्कूटर विकली, आणि नवा कॉम्प्युटर घेऊन भाचीच्या भाड्याच्या खोलीवर गेले. तारा स्वतः जोडल्या. ती खुर्चीत बसून पाहत होती.

"जेवून आलात?"

"हो, हो."

तिने ताट वाढलं. त्यांनी दोनदा भात घेतला. "त्या खिडक्या," ते मान खाली घालून म्हणाले, "मला एकदा काढून दाखवशील का? कशा होत्या त्या?" तिने पेन्सिल घेतली, आणि त्यांनी खिशातून जवळचा चष्मा काढला. एवढं झालं. ती घरी परत आली नाही, पण रविवारी फोन करते.

ही हकीकत मी आजवर बऱ्याच जणांना सांगितली आहे. सगळे फार हळहळतात, आणि मग प्रत्येक जण न चुकता विचारतो: "पण नाणं कुठलं होतं? आता भाव काय आहे?" भाव त्या दिवशीच्याही वर गेला आहे. नाण्याचं नाव मी मुद्दामच कुठे दिलेलं नाही, आणि हे तुमच्या एव्हाना लक्षात आलं असणार, कारण तुम्ही चाणाक्ष वाचक आहात.

सासूबाई दवाखान्यात अकरा दिवस होत्या. आता बऱ्या आहेत. तुम्ही इतक्या आपुलकीने चौकशी केलीत, हे त्यांच्या कानावर घालतो.