तारामतीकाकूंच्या अंगठ्याची विचारपूस

अंगठ्याच्या मुळाशी एक सांधा असतो, हे माणसाला तो दुखल्याशिवाय कळत नाही. आणि तो दुखतो हे गावाला कळलं, की मग तो सार्वजनिक होतो.

मुरुम गावच्या तारामतीकाकूंचा उजवा सांधा झिजला. सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी तिथं कृत्रिम सांधा बसवला आणि बजावलं, "तीन महिने जोर द्यायचा नाही. सांडशी तर हातातच घ्यायची नाही." यजमान बब्रुवानकाकांनी हे लक्ष देऊन ऐकलं. (लक्ष देऊन ऐकणं हा काकांचा मोठा गुण. त्यापुढचं काम इतरांचं.)

घरी येताच विचारपूस सुरू झाली. भावकी आली, भजनी मंडळ आलं, उमरग्याचे व्याही जीप भरून आले. प्रत्येकानं अंगठा हलवून पाहिला आणि एरंडाचं पान सुचवलं. काका दर वेळी आत तोंड करून म्हणत, "अगं, च्या ठेव की! तुलाच बघाया आलेत."

काकू सांडशीनं पातेलं उतरवत. जिव्हाळा जेवढा जास्त, तेवढं पातेलं मोठं. एका दुपारी जिव्हाळा फारच झाला. काकूंच्या हातात कट्कन वाजलं, पातेलं खाली आलं. कळ मस्तकात गेली, काकू भिंतीला टेकल्या. ओसरीवरून काळजीचा आवाज आला, "च्या समदाच सांडला व्हय?"

सांध्याची वाटी हाडातून सुटली होती. दुसरं ऑपरेशन करून बसवलेलं सगळं काढलं, त्यासोबत एक छोटं हाडही काढलं आणि पोकळीत काकूंच्याच मनगटातल्या स्नायूच्या दोरीची गुंडाळी भरली.

"पहिल्यासारखा जोर येईलच असं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सहा महिने स्वयंपाक बंद."

काकू कितीतरी दिवसांनी हसल्या. "बाई, हे ह्यास्नी जरा मोठ्यानं सांगा."

दुसऱ्या ऑपरेशनचा मान मोठा, त्यामुळं गर्दीही मोठी आली. काकू बाजेवरून उठल्या नाहीत. "साखर फडताळात हाय," त्या पाव्हण्यांना म्हणाल्या, "मलाबी अर्धा कप टाका."

पाव्हणे आठवड्यात आटले. आज अंगठा किंचित आखूड आहे, पण दुखत नाही. काकू ब्लाउजची बटणं स्वतः लावतात. काकांना आता चहा करता येतो. गावाचं मत मात्र असं, की ऑपरेशन फसलं : अंगठा सुधारला, पण बाईचा स्वभाव बिघडला.

वाचता वाचता तुम्हीही हळहळला असाल. चांगलंच आहे. तेवढा तुमच्या शेजारी ठेवलेला रिकामा कप उचलून आत नेऊन ठेवा. नाहीतर तो तुमच्या घरातलं कुणीतरी उचलेल, आणि मग आम्हाला विचारपूस करायला यावं लागेल. आम्ही साखर जरा जास्त घेतो.